रायपूरच्या मांडवातील वचने : सात भांवरी, चार लावां आणि एक 'कबूल'

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे लग्नसराईच्या एखाद्या संध्याकाळी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्याच्या कानांवर किमान चार भाषांतील विवाहवचने पडू शकतात. एका मांडवात भटजी संस्कृतमधून सात वचने वाचत असतात, तर दुसऱ्या मांडवात स्त्रिया छत्तीसगढीत एकेक फेरी मोजणारी गीते गात असतात. तेलीबांधा भागातील गुरुद्वारात गुरुमुखीतील लावां ऐकू येतात आणि बैठकीच्या एखाद्या खोलीत काझी वधूला तिची संमती विचारत असतात. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री कन्या विवाह योजनेमुळे हे वैविध्य अनेकदा एकाच मंडपाखाली आले आहे. २००५-०६ पासून राबविल्या जाणाऱ्या या योजनेत फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाच दिवशी राज्यभरात तीन हजारांहून अधिक जोडपी विवाहबद्ध झाली. त्याचा मुख्य सोहळा रायपूर येथे पार पडला.

विवाहात उच्चारले जाणारे वचन ही केवळ शोभेची बाब नाही. भारतीय कायद्यात विवाह केव्हा पूर्ण झाला हे बहुतांशी विधीवरून ठरते. पोटगी, वारसाहक्क, अपत्यांचे औरसत्व आणि प्रसंगी फौजदारी खटल्याचा निकालही त्यावर अवलंबून असतो. त्यामुळे कोणत्या समाजात नेमके काय उच्चारले जाते, कोणते कृतीने सांगितले जाते आणि कोणत्या क्षणी ते बंधनकारक होते, हे जाणून घेणे उपयुक्त ठरते.

छत्तीसगढी 'बिहाव'

रायपूर आणि परिसरातील मैदानी भागात पारंपरिक विवाहास 'बिहाव' म्हणतात. त्याचा प्रारंभ 'चुलमाटी'ने होतो. घरातील स्त्रिया वाजतगाजत तळ्याकाठी किंवा देवळाजवळ जाऊन माती खणून आणतात आणि त्या मातीपासून लग्नाची चूल तयार होते. माती खणणाऱ्या पुरुषाची थट्टा करणारी गीते या वेळी गायली जातात. त्यानंतर तेल आणि हळद चढविण्याचे विधी होतात. या सर्व विधींत 'ढेड़हा' आणि 'ढेड़हिन' या जोडप्याला महत्त्व असते. बहुधा आत्या आणि तिचे यजमान, किंवा मोठी बहीण आणि मेहुणे, हा मान घेतात. महाराष्ट्रातील करवलीपेक्षा त्यांची जबाबदारी बरीच मोठी असते, कारण विधीचा क्रम त्यांच्याच स्मरणात असतो.

मांडवाला 'मड़वा' म्हणतात आणि त्याच्या मध्यभागी 'मंगरोहन' उभारले जाते. डूमर, म्हणजे उंबराच्या लाकडापासून सुताराने घडविलेल्या या ओबडधोबड आकृती वधूवरांच्या प्रतिरूप मानल्या जातात. वधूवरांना हळद लागण्यापूर्वी ती मंगरोहनला लागते. लग्नातील अरिष्ट आधी या लाकडाने आपल्यावर घ्यावे, अशी त्यामागील समजूत सांगितली जाते. वऱ्हाड निघण्यापूर्वी वराच्या डोक्यावर 'मौर' बांधून घरातील स्त्रिया तो क्रमाने त्याच्या स्वाधीन करतात. त्यास 'मौर सौंपना' म्हणतात.

भांवरीच्या वेळी वधूवरांच्या वस्त्रांची गाठ बांधली जाते आणि ती दोघे सात फेऱ्या घेतात. या फेऱ्यांत वधू किंवा वर स्वतः फारसे काही बोलत नाहीत. बोलतात त्या गाणाऱ्या स्त्रिया. पहिल्या भांवरीपासून सातव्या भांवरीपर्यंत प्रत्येक फेरीचे गीत वेगळे असते. कोणत्या फेरीपर्यंत मुलगी माहेरची आणि कोणत्या फेरीनंतर ती परकी, याचा हिशेब त्या गीतांतून मांडला जातो. पुरोहिताच्या संस्कृत मंत्रांचा अर्थ मांडवातील बहुतेकांना कळत नाही, पण या गीतांचा अर्थ सर्वांना कळतो. लोकविधीत वचन साक्षीदारांच्या मुखातून येते, हे येथे ठळकपणे दिसते.

भांवरीनंतर 'टिकावन' होते. नातलग वधूवरांच्या कपाळी पिवळे तांदूळ लावून भेटवस्तू देतात. आईवडिलांकडून मिळणाऱ्या पाच धातूच्या भांड्यांना 'पचहर' म्हणतात. गाय देण्याची जुनी रीत आता बहुतेक ठिकाणी रोख रकमेत बदलली आहे.

छत्तीसगढमध्ये अक्षय्य तृतीयेला 'अक्ती' म्हणतात. या दिवशी मुले 'पुतरा-पुतरी', म्हणजे बाहुला-बाहुली, यांचे लग्न लावतात. त्यात चुलमाटीपासून टिकावनापर्यंत सर्व विधी खेळाच्या रूपाने केले जातात आणि पुढील पिढी विधी शिकते ती अशी. मात्र हाच मुहूर्त बालविवाहांसाठीही वापरला जात असल्याने दरवर्षी अक्तीच्या सुमारास प्रशासनाला गावोगावी लक्ष ठेवावे लागते. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार विवाहासाठी वधूचे वय १८ आणि वराचे वय २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे.

सप्तपदी आणि सात वचने : दोन वेगळ्या गोष्टी

भांवर, फेरे आणि सप्तपदी हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात ते वेगळे विधी आहेत. अग्नीभोवती प्रदक्षिणा घालणे म्हणजे फेरे. सप्तपदीत वधू वराबरोबर सात पावले टाकते आणि महाराष्ट्रात त्यासाठी तांदळाच्या सात राशी मांडल्या जातात. गृह्यसूत्रांतील सप्तपदीत प्रत्येक पावलाला एक हेतू जोडलेला आहे. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे संपत्तीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. सातव्या पावलावर वधू 'सखा' होते. आज्ञा, सेवा किंवा अधिकार यांचा या सात हेतूंत उल्लेख नाही.

उत्तर भारतात, आणि रायपूरच्या सवर्ण हिंदू विवाहांतही, पुरोहित जी 'सात वचने' वाचून दाखवितात, ती उत्तरकालीन विवाहपद्धतींमधून आली आहेत. त्यात वधू वराच्या डाव्या बाजूला बसण्यापूर्वी अटी घालते. तीर्थयात्रा आणि व्रते माझ्यासह करावीत, माझ्या आईवडिलांचा मान राखावा, कुटुंबाचा भार उचलावा, खर्च आणि व्यवहार करताना माझा सल्ला घ्यावा, मैत्रिणींसमोर माझा अपमान करू नये, जुगारादी व्यसनांपासून दूर राहावे आणि परस्त्रीला मातेसमान मानावे, असा त्यांचा आशय आहे. कित्येक शतकांपूर्वीच्या या अटी आजच्या कौटुंबिक न्यायालयातील तक्रारींच्या यादीशी किती जुळतात, हे सहज लक्षात येते.

याच पद्धतींत वराच्याही अटी आहेत, आणि त्या वाचताना बरेच पुरोहित आवाज खाली आणतात किंवा त्या गाळतात. पतीच्या संमतीशिवाय उद्यानात जाऊ नये, मद्यपानाच्या ठिकाणी जाऊ नये, वडिलांच्या घरी जाऊ नये आणि आज्ञाभंग करू नये, असा त्यांचा आशय आहे. वधूच्या सात अटी वराच्या वर्तनाला आवर घालतात, तर वराच्या अटी वधूच्या हालचालीला. दोन्ही बाजूंची वचने समान आहेत, हा सर्वसाधारण समज मूळ पाठाशी जुळत नाही.

महाराष्ट्रीय पद्धतीत कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराकडून वचन घेतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला ओलांडून जाणार नाही, असे वर 'नातिचरामि' या एका शब्दाने सांगतो. मोक्ष हा चौथा पुरुषार्थ येथे नाही, कारण तो ज्याचा त्याने मिळवावयाचा असतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. 'कन्यादान' या कल्पनेवर अलीकडे बरीच चर्चा झाली आहे. पुण्यात शंकरराव थत्ते यांच्या उद्यान कार्यालयात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. ज्ञानप्रबोधिनीनेही अर्थ सांगून संस्कार करण्याची पद्धत रूढ केली. हिंदू विवाह कायद्याखाली विवाह वैध ठरण्यासाठी कन्यादान आवश्यक नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

रायपुरातील मराठी मांडव

रायपूरशी मराठी भाषकांचा संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली रतनपूरपर्यंत पोहोचल्या. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची येथील प्रथा त्यांच्याच काळापासूनची असल्याचे मानले जाते. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याने मुख्यालय रतनपूरहून रायपूरला आणले. १९५६ पर्यंत रायपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच प्रदेशाच्या मध्य प्रदेश राज्यात, नागपूर राजधानीखाली होते. त्यामुळे वकील, शिक्षक, रेल्वे आणि सरकारी कर्मचारी अशी अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. तात्यापारा भागाची जुनी वस्ती आणि महाराष्ट्र मंडळ ही त्याची आजची खूण.

या कुटुंबांच्या लग्नांत अंतरपाट आणि मंगलाष्टके कायम असली, तरी शेजारच्या चालीरीती मिसळत गेल्या आहेत. सून छत्तीसगढी असेल तर मांडवात मंगरोहनही दिसते आणि जावई उत्तर भारतीय असेल तर सप्तपदीबरोबर सात फेरेही घेतले जातात. कोणत्या बाजूचा विधी निर्णायक मानायचा, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ ने त्याचे उत्तर दिले आहे. दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीनुसार विवाह करता येतो, आणि त्या विधीत सप्तपदीचा समावेश असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो.

महाराष्ट्रातच विवाहवचनांची पूर्णपणे नवी मांडणी दोन वेळा झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. पुरोहिताला त्यात स्थान नव्हते. फुल्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेत मंगलाष्टकांचे स्वरूपच बदललेले दिसते. तेथे वधू आणि वर आळीपाळीने एकमेकांशी बोलतात. आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तेव्हा स्त्रियांना त्यांचे हक्क देण्याची शपथ घे, अशी मागणी वधू करते आणि वर सर्वांसमोर ती मान्य करतो. वधू मागणी करते आणि ती स्त्रीजातीच्या वतीने करते, ही बाब त्या काळातील कोणत्याही प्रचलित विवाहविधीत सापडणे कठीण आहे.

पुरोहिताशिवाय लग्न लावल्याचे पडसाद न्यायालयातही उमटले. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी ग्रामजोशांना न बोलावता विवाह लावला. जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ज्याला बोलावलेच नाही त्या पुरोहिताला दक्षिणा देण्याचे बंधन यजमानावर नाही, असा निर्णय झाला. १८९० च्या निर्णयसंग्रहात हा निकाल छापलेला आहे. फुले यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

दुसरी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची. ऑक्टोबर १९५६ मधील नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विवाह कसा लावावा, असा प्रश्न अनुयायांपुढे होता. निधनापूर्वी दोनच दिवस, ४ डिसेंबर १९५६ रोजी, लिहिलेल्या पत्रात त्यांनी विधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे भांडे वधूवरांच्या मध्ये ठेवावे, त्यात सोडलेल्या सुताचे एक एक टोक दोघांनी हाती धरावे, मंगलसुत्त म्हणावे आणि दोघांनी पांढरी वस्त्रे परिधान करावीत, एवढाच तो आहे. पुढे रूढ झालेल्या बौद्ध विवाहांत त्रिशरण-पंचशीलानंतर प्रत्येकी पाच प्रतिज्ञा घेतल्या जातात. पाली साहित्यातील सिगालोवाद सुत्त हा त्यांचा आधार आहे. पतीने पत्नीचा सन्मान करावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्याकडे सोपवावा आणि वस्त्रालंकार द्यावेत. पत्नीने घरकामाची नीट व्यवस्था ठेवावी, आप्तांचा सत्कार करावा, एकनिष्ठ राहावे, मिळकतीचे रक्षण करावे आणि कामात दक्ष असावे. विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगढमध्ये, विशेषतः राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर येथील बौद्ध वस्त्यांत, ही प्रतिज्ञा अनेकदा मराठीतूनच घेतली जाते.

सतनामी आणि आदिवासी समाज

पुरोहिताशिवाय विवाहाची परंपरा छत्तीसगढलाही नवी नाही. १७५६ मध्ये गिरौदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदास यांच्या सतनामी पंथात ब्राह्मण पुरोहिताला बोलावले जात नाही. गावातील 'भंडारी' आणि त्याचा सहायक 'साटीदार' हे पंथाचे पदाधिकारी विधी पार पाडतात आणि सतनामाच्या साक्षीने विवाह होतो.

गोंड, उरांव, हलबा, कंवर आदी अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सर्वसाधारणपणे लागू होत नाही, कारण कलम २(२) ने त्यांना वगळले आहे. त्यांचे विवाह जमातीच्या रूढीने ठरतात. वराने वधूमूल्याऐवजी सासऱ्याच्या घरी काही काळ राबून विवाह करण्याची 'लमसेना' ही पद्धत गोंडांमध्ये परिचित आहे. विवाहवचनाचे हे बहुधा सर्वांत दीर्घ रूप म्हणावे लागेल, कारण ते पूर्ण होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. विधवा किंवा पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला बांगड्या भरून पत्नी म्हणून स्वीकारण्याची 'चूड़ी' पद्धत छत्तीसगढच्या अनेक जातींमध्ये आहे. या पद्धतीने स्त्रीच्या पुनर्विवाहाला समाजमान्यता दिली, ही तिची जमेची बाजू. मात्र पहिला विवाह रूढीनुसार किंवा न्यायालयामार्फत संपुष्टात आला आहे, हे सिद्ध झाले नाही, तर हिंदू विवाह कायदा लागू असलेल्या व्यक्तीसाठी चूड़ी विवाह वैध ठरत नाही. निवृत्तिवेतन किंवा अनुकंपा नियुक्तीचा प्रश्न निर्माण झाला, की हा पेच प्रथमच उघड होतो.

रूढीवर अवलंबून राहण्याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या एका निकालात दिसते. उरांव जमातीच्या पत्नीने संथाळ पतीच्या दुसऱ्या विवाहाविरुद्ध तक्रार केली होती. जमातीच्या रूढीनुसार दुसरा विवाह निरर्थक ठरतो हे नेमकेपणाने मांडले व सिद्ध केले नसल्याने तिची तक्रार टिकली नाही. अलिखित रूढी सिद्ध करण्याचा भार बहुधा दुर्बल बाजूवरच येतो.

निकाह, आनंद कारज आणि चर्चमधील शपथ

मुस्लिम विवाह हा करार आहे आणि त्याचा गाभा म्हणजे 'इजाब' व 'कबूल', अर्थात प्रस्ताव आणि स्वीकृती. वधूचा वकील साक्षीदारांसह तिच्याकडे जाऊन वराचे नाव व मेहेरची रक्कम सांगतो आणि तिची संमती घेतो. त्यानंतर वराची संमती, खुत्बा आणि निकाहनाम्यावर स्वाक्षऱ्या होतात. चित्रपटांमुळे 'कबूल है' तीन वेळा म्हटलेच पाहिजे असा समज रूढ झाला आहे, परंतु एकाच बैठकीत स्पष्टपणे दिलेली एकवारची स्वीकृती पुरेशी असते. सुन्नी पंथात दोन साक्षीदार आवश्यक आहेत, शिया पंथात विवाहाच्या वैधतेसाठी ते अनिवार्य नाहीत. मेहेर तात्काळ देय असतो किंवा पुढे देय ठेवता येतो. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात आणि विशिष्ट परिस्थितीत तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपविण्याची तरतूदही त्यात करता येते. या तरतुदीची माहिती फारच थोड्या कुटुंबांना असते, आणि असली तरी लग्नाच्या दिवशी तिचा उल्लेख करणे अशुभ मानले जाते. निकाह लावणाऱ्या इमाम व मौलानांनी ११०० रुपयांपेक्षा अधिक नजराणा घेऊ नये, असा आदेश छत्तीसगढ वक्फ मंडळाने २०२५ मध्ये काढला.

शीख विवाहात, म्हणजे आनंद कारजमध्ये, वधूवर गुरू ग्रंथ साहिबभोवती चार परिक्रमा घालतात. प्रत्येक परिक्रमेस चौथे गुरू रामदास यांच्या लावांपैकी एक पद म्हटले जाते. या पदांचा विषय आत्म्याचा परमात्म्याकडे होणारा प्रवास हा आहे, संसाराची कलमे त्यात नाहीत. वधूवर शब्दाने काहीच बोलत नाहीत, ग्रंथापुढे मस्तक नमविणे हीच त्यांची स्वीकृती. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने या विधीला मान्यता दिली आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याखाली नोंदणीची सोय केली. फाळणीनंतर रायपूर येथे मोठ्या संख्येने स्थायिक झालेल्या सिंधी समाजातही चार फेऱ्यांची पद्धत आहे. सात ही संख्या सर्वत्र अटळ नाही.

छत्तीसगढमधील ख्रिस्ती समाजाचा आरंभ १८६८ मध्ये जर्मन धर्मप्रचारक ऑस्कर लोर यांनी विश्रामपूर येथे स्थापन केलेल्या केंद्रापासून मानला जातो. १८९९ मध्ये धमतरी येथे मेनोनाइट पंथाचे अमेरिकी धर्मप्रचारक आले. चर्चमधील विवाहात वधू आणि वर स्वतःच्या मुखाने, एकमेकांचे नाव घेऊन, सुखदुःखात व आजारपणात मृत्यूपर्यंत साथ देण्याची शपथ घेतात. प्रोटेस्टंट पंथांतील या शपथेचे मूळ १५४९ च्या इंग्लंडमधील प्रार्थनापुस्तकात आहे. त्यात पतीची आज्ञा पाळण्याचे वचन केवळ वधूकडून घेतले जात असे. १९२८ च्या सुधारित पाठात ते वगळण्याची मुभा आली. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा असून, विशेष परवाना वगळता, विवाह सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच लावण्याची त्यात तरतूद आहे.

विवाहात तोंडी वचन असलेच पाहिजे, असेही नाही. पूर्व युरोपातील ऑर्थोडॉक्स चर्चच्या जुन्या परंपरेत वधूवर शपथ घेत नाहीत, त्यांच्या मस्तकी मुकुट ठेवणे हा मुख्य विधी असतो. जपानच्या शिंतो विवाहात तीन पेल्यांतून तीन तीन घोट साके घेतली जाते. ज्यू विवाहात पतीची कर्तव्ये 'केतुबा' नावाच्या अरामी भाषेतील लेखात लिहिलेली असतात आणि तो लेख पत्नीच्या स्वाधीन केला जातो. वचन लेखी असावे आणि ते जिच्या हिताचे तिच्याच जवळ असावे, ही व्यवस्था व्यवहारदृष्ट्या सर्वांत शहाणपणाची वाटते.

सात पावले आणि न्यायालय

विधी अपुरा राहिल्यास काय होते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये निकालात काढलेले भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण. पहिली पत्नी हयात असताना आरोपीने फेब्रुवारी १९६२ मध्ये दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. कलशपूजन झाले, हार घातले गेले, कपाळाला कपाळ लावले गेले. भटजी आणि न्हावी मात्र उपस्थित नव्हते. गांधर्व पद्धतीने विवाह झाल्याचे अभियोग पक्षाने सांगितले. होम आणि सप्तपदी झाल्याचे, किंवा त्यांशिवाय विवाह लावण्याची रूढी असल्याचे, सिद्ध न झाल्याने दुसरा विवाह कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि द्विभार्याप्रतिबंधाखालील शिक्षा रद्द केली. दुसरा विवाह मुद्दाम अपुरा ठेवणाऱ्या पुरुषाला त्याचाच लाभ मिळतो आणि पहिल्या पत्नीची तक्रार व दुसरीचे पत्नीपद दोन्ही कोसळतात, अशी टीका या निकालावर सातत्याने होत आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ८२ मध्ये आहे. त्याचा गाभा बदललेला नाही.

तामिळनाडूने या अडचणीवर वेगळा मार्ग काढला. पेरियार यांच्या चळवळीतील स्वाभिमान विवाहांना मान्यता देण्यासाठी सी. एन. अण्णादुराई यांच्या सरकारने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातले. नातलग किंवा मित्रांच्या उपस्थितीत परस्परांना समजेल अशा भाषेत स्वीकृती जाहीर करणे, हार किंवा अंगठी घालणे अथवा ताली बांधणे, एवढ्याने तेथे विवाह पूर्ण होतो. सत्यशोधक विवाहांची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्रात मात्र अशी दुरुस्ती झाली नाही.

१९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात हाच मुद्दा दुसऱ्या टोकाकडून मांडला. दोघांनी कोणताही विधी न करता एका संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेतले होते आणि त्याआधारे नोंदणीही केली होती. विधीच झाला नसेल तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असे सांगून न्यायालयाने तो विवाह अस्तित्वातच नसल्याचे घोषित केले. व्हिसा किंवा निवासस्थानाच्या सोयीसाठी आधी नोंदणी आणि नंतर समारंभ, असा क्रम ठरविणाऱ्या कुटुंबांनी या निकालाची दखल घेणे गरजेचे आहे.

ज्यांना धार्मिक विधी नको असेल किंवा ज्यांचे धर्म वेगळे असतील, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याच्या १८७२ मधील पहिल्या अवतारात विवाहेच्छूंना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख वगैरे कोणत्याही धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. मध्य प्रांतातील कायदेपंडित डॉ. हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यासाठी ही अट दूर झाली. सध्याच्या कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्यानंतर तीन साक्षीदार आणि अधिकारी यांच्यासमोर दोघेही एकमेकांचे नाव घेऊन एकच वाक्य उच्चारतात. मी तुला माझी कायदेशीर पत्नी, अथवा पती, म्हणून स्वीकारतो किंवा स्वीकारते, एवढाच त्याचा अर्थ आहे. ते वाक्य दोघांना समजेल अशा भाषेत म्हणता येते. रायपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात ते छत्तीसगढीत म्हटले काय किंवा मराठीत म्हटले काय, कायद्याला दोन्ही सारखेच मान्य आहे.